मानवरहित गर्दी

‘मानवरहित’ हा शब्द आपल्याला ड्रोनने शिकवला, असा नव्या पिढीचा समज आहे. ड्रोनचा यात काही हात नाही. हा शब्द शिकवला रेल्वेने. गावाच्या शिवेवर रूळ आडवे गेलेले, गाडीवाट त्यांच्यावरून उभी गेलेली, आणि दोघांची गाठ पडते तिथे एक पाटी. त्या जागेचं नाव ‘मानवरहित फाटक’. आता तिथे मानव नसायचा हे कबूल, पण बहुतेक ठिकाणी फाटकही नसायचं. नसलेल्या फाटकावर नसलेला माणूस, एवढ्या भांडवलावर सरकारदरबारी त्या जागेची नोंद व्हायची आणि अशा जागांची देशभर मोजदादही व्हायची.

बरं, माणूस नाही म्हणावं तर कायद्याला ते मंजूर नव्हतं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १३१ काढून बघा. रखवालदार नसलेल्या रेल्वे फाटकाशी आलं की चालकाने गाडी थांबवायची. मग कंडक्टरने, क्लीनरने किंवा गाडीतल्या आणखी कोणी खाली उतरायचं, रुळापर्यंत चालत जायचं, दोन्हीकडे बघायचं आणि आगगाडी येत नाही अशी खात्री करून आपल्या वाहनाला वाट दाखवत पलीकडे न्यायचं. बरोबर कोणीच नसेल तर चालकाने स्वतः उतरून बघून यायचं. हुरड्याला जाताना आपापली सतरंजी न्यावी, तसा मानवरहित फाटकावरचा मानव ज्याने त्याने आपापला आणायचा. एवढ्याने भागेना, तेव्हा रेल्वेने तिथे ‘गेटमित्र’ नेमले. गेटमित्राचं काम काय, तर फाटकापाशी उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सावध करायचं. म्हणजे फाटक मानवरहित, पण मित्रसहित. अखेर ३१ जानेवारी २०१९ पर्यंत ब्रॉडगेजवरची असली सगळी फाटकं निकालात निघाली. कुठे पूल झाला, कुठे भुयारी रस्ता, कुठे पगारी माणूस बसला. जमिनीवर शब्दाची नोकरी गेली, पण आकाशात त्याला लगेच बढतीची जागा मिळाली.

आकाशात ‘ड्रोन’ आधीपासून ठाण मांडून होता. ड्रोन म्हणजे इंग्रजीत मधमाशीचा नर. पोळ्यात कामकरी माश्या मध आणतात, पिल्लं सांभाळतात, पोळं बांधतात, राखण करतात. नराला यातलं काही जमत नाही. त्याला नांगीही नाही. राणीशी हवेत एकदा गाठ पडणं एवढाच त्याचा आयुष्याचा कार्यक्रम, आणि तो पार पडला की जागच्या जागी मरण. ज्यांचा नंबर लागला नाही त्यांना थंड मुलखात हिवाळ्याच्या तोंडावर कामकरी माश्या पोळ्याबाहेर हाकलून देतात. त्यामुळे इंग्रजीत कित्येक शतकं ‘ड्रोन’ म्हणजे ऐतोबा. इंग्रज विनोदी लेखक वुडहाउसच्या कथांमधली खाऊनपिऊन सुखी, रिकामटेकडी पोरं ज्या क्लबात एकमेकांना पाव फेकून मारतात, त्याचं नाव ‘ड्रोन्स क्लब’ आहे ते यामुळेच. आज सरहद्दीवर पहारा, शेतात फवारणी, गावठाणाची मोजणी, लग्नात नवरीवर फुलं उधळणं, असं सगळं ज्याच्या गळ्यात पडलंय त्या यंत्राचं नाव ऐतोबा. आणि ज्या बिचाऱ्याला नांगी नाही, त्याच्या नावाची यंत्रं क्षेपणास्त्रं घेऊन फिरतात. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण आपल्याकडे आहे. नाव ऐतोबा आणि कामाला वाघ, अशी म्हण अजून कोणी केली नाही.

या नावामागे इंग्रजांची एक राणी आहे. १९३५ च्या सुमारास ब्रिटिशांनी ‘टायगर मॉथ’ या शिकाऊ विमानावरून रेडिओवर चालणारं एक विमान तयार केलं. तोफखान्याच्या लोकांना नेम धरायचा सराव व्हावा म्हणून ते हवेत सोडायचं. वैमानिक आत नसल्याने ते पडलं तरी घरी तार करावी लागत नसे. त्याचं नाव ‘क्वीन बी’, म्हणजे राणी माशी. गंमत अशी की या बिनवैमानिकाच्या विमानात वैमानिकाची खुर्ची शाबूत ठेवली होती. एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायचं तर माणूस बसवून नेता यायचं. अमेरिकी नौदलाच्या अधिकाऱ्यांनी हे प्रकरण पाहिलं आणि तसंच आपल्याकडे करायला घेतलं. ते काम ज्याच्याकडे आलं त्या डेल्मर फार्नीने इंग्रजांच्या राणीचा मान राखून आपल्या विमानाला ‘ड्रोन’ म्हटलं, अशी हकीकत सांगतात. राणी त्यांची, नर आमचा. लष्करी खात्याला एवढी नर्मविनोदाची दृष्टी नंतर कधी लाभलेली दिसत नाही.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत असली लक्ष्यविमानं घाऊक बनवणारी एक कंपनी रेजिनाल्ड डेनी या हॉलीवूडच्या नटाने काढली होती. युद्ध चालू असतानाच तिथे कामगार स्त्रियांचे फोटो काढायला लष्कराने एक छायाचित्रकार धाडला. विमानाचा पंखा हातात धरून हसणारी एक पोरगी त्याला आवडली. तिचं नाव नॉर्मा जीन. पुढे तिचं नाव मेरिलिन मन्रो झालं. छायाचित्रकाराला धाडणारा वरिष्ठ अधिकारी होता कॅप्टन रोनाल्ड रेगन. म्हणजे एका मानवरहित विमानाच्या कारखान्यापायी एक नट, एक भावी तारका आणि एक भावी राष्ट्राध्यक्ष एकत्र आले. मानव असलेल्या विमानालाही इतका मानव जमवता आला नसता.

इथे मला काय म्हणायचंय ते वाचकांच्या लक्षात आलं असेल. ज्या वस्तूला ‘मानवरहित’ म्हणतात, तिच्याभोवती माणसांची दाटी सगळ्यात जास्त. अमेरिकी हवाई दलाचाच हिशेब असा होता की प्रीडेटर जातीच्या ड्रोनची चोवीस तासांची एक गस्त चालू ठेवायला दीडशेहून अधिक माणसं लागायची. कोणी तो उडवायचा, कोणी त्याचा कॅमेरा फिरवायचा, कोणी दुरुस्त करायचा, कोणी चित्रं बघत बसायचा, कोणी त्या चित्रांचा अर्थ लावायचा. त्यांच्या एका बड्या जनरलने मागे बोलूनच दाखवलं होतं की हवाई दलाला माणसांची सगळ्यात मोठी चणचण भासते ती मानवरहित विमानांसाठी. ते लोक ‘ड्रोन’ म्हटलेलंही खपवून घेत नाहीत आणि ‘मानवरहित’ म्हटलेलंही. ‘दुरून वैमानिक चालवतो ते विमान’ असं म्हणा म्हणतात.

आपल्याकडेही तोच मामला. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार ज्या विमानात पायलट नाही त्याला ‘रिमोट पायलट’ लागतो. तो दहावी पास हवा, अठरा पूर्ण हवा, पासष्टच्या आत हवा आणि मान्यताप्राप्त संस्थेत शिकलेला हवा. नियम आले तेव्हा त्याला परवाना मिळायचा. २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन परवान्याचं प्रमाणपत्र झालं. अडीचशे ग्रॅमच्या आतल्या चिमुकल्या ड्रोनला मात्र हे सोपस्कार नाहीत. तो कोणीही उडवावा. प्रत्यक्षात तो शेजाऱ्याचा मुलगा उडवतो, आणि तो आपल्या गच्चीत पापड वाळत घातलेले असतानाच उडवतो.

अमेरिकेत या शब्दाचं दुखणं निराळं आहे. त्यांच्या ‘अनमॅन्ड’मध्ये ‘मॅन’ बसलेला. विमानात माणूस नाही हे सांगताना बाई धरली की वगळली, हा प्रश्न. मग नासाने ‘क्रूड’, ‘अनक्रूड’, ‘रोबोटिक’ अशी वाट काढली. विमान खात्याच्या सूचनांच्या नावातले ‘एअरमेन’ २०२१ मध्ये गेले आणि २०२५ मध्ये सरकार बदलताच परत आले. आपण यातून सुटलो. आपला मानव व्याकरणाने पुल्लिंगी असला तरी त्यात आजीपासून नातीपर्यंत सगळ्या मावतात. फार तर मानव म्हणजे नक्की कोण, एवढा वाद उरतो, आणि तो आपण गृहनिर्माण सोसायटीच्या सभेत दरवर्षी घालतोच.

‘मानवरहित’चा अर्थ शब्दशः घ्यायचा म्हटला तरी पंचाईत आहे. १७८३ मध्ये व्हर्सायच्या राजवाड्यासमोर मोंगोल्फिए बंधूंनी फुगा सोडला. त्यात माणूस नव्हता. एक मेंढी होती, एक बदक आणि एक कोंबडा. फुगा मानवरहित, पण प्रवासी तीन. नोव्हेंबर १९५७ मध्ये स्पुतनिक-२ गेलं ते मानवरहित, पण श्वानसहित. लायकाला परत आणायची सोयच केलेली नव्हती, हे आठवलं की पुढे विनोद सुचत नाही. १९६१ च्या जानेवारीत अमेरिकेने हॅम नावाचा चिंपांझी वर पाठवला. त्याला दिवा लागला की दांडी ओढायला शिकवलं होतं, आणि अवकाशातही त्याने ती इमानेइतबारे ओढली. कामावर हजर, सूचनेबरहुकूम काम, वर एक सफरचंद बक्षीस. याला मानवरहित म्हणावं की आदर्श कर्मचारीसहित? गगनयानाच्या आधीच्या चाचणीसाठी आपण ‘व्योममित्र’ तयार केली आहे. यान मानवरहित, आणि आत खुर्चीवर बाईचा चेहरा असलेली, बोलणारी यंत्रमानव. नाव मित्र, रूप बाईचं, जात यंत्राची. तिची ओळख करून देताना सर्वनाम कुठलं वापरावं, यावर एक परिसंवाद सहज होईल.

पहिलेपणाचा मान मात्र मराठी माणूस सोडत नाही. शिवकर बापूजी तळपद्यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचं विमान माणूस न बसवता उडवलं, असं आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगतात. विमान मानवरहित होतं याबद्दल सांगणाऱ्यांचं एकमत आहे. हकीकत पुरावारहित आहे, एवढीच अडचण. त्यापेक्षा आळंदीची भिंत बरी. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन चांगदेव निघाले, आणि इकडून चार भावंडं भिंतीवर बसून सामोरी गेली. त्या कथेतली भिंत मानवरहित नाही, चालकरहित आहे. हा फरक आपल्या वर्तमानपत्रांना अजून साधलेला नाही. रिकामं उडतं ते मानवरहित. माणसं भरून पण हाकणाऱ्याशिवाय जातं ते चालकरहित. दिल्ली मेट्रोच्या मजेंटा मार्गावर डिसेंबर २०२० मध्ये चालकाविना गाडी सुरू झाली, ती भिंतीच्या घराण्यातली. मुंबईच्या २-अ आणि ७ या मार्गांसाठी आणलेल्या गाड्याही त्याच क्षमतेच्या. २०२२ मध्ये त्या धावू लागल्या तेव्हा बिनचालकाच्या गाडीत चालक बसलेला होता. भिंतीवर भरवसा ठेवायला ज्ञानदेवांची भावंडं असावी लागतात. अंधेरीच्या प्रवाशाला पुढे कोणाचं तरी डोकं दिसलेलं बरं वाटतं.

पण ‘मानवरहित’ची खरी शोभा बघायची तर फवारणीच्या ड्रोनमागे शेतात जावं. पूर्वी पाठीवर पंप घेऊन एकच गडी एकरभर शेत फवारायचा आणि कोणाचं लक्षही नसायचं. आता आधी टेम्पो येतो. त्यातून हातपाय दुमडलेला ड्रोन दोघं मिळून, आजारी माणसाला उतरवावं तसा अलगद उतरवतात. मागोमाग बॅटऱ्यांचे जोड, त्या चार्ज करायला जनरेटर, जनरेटरला पेट्रोलचा कॅन, पाण्याचं बॅरल. औषध कालवायला एकजण, बादलीतून टाकीत गाळून ओतायला दुसरा. रिमोट गळ्यात अडकवून उभी असते ती बचत गटाची ताई. केंद्राच्या २०२३ च्या योजनेत अशा पंधरा हजार गटांना ड्रोन द्यायचे ठरले आणि त्यासाठी १,२६१ कोटी रुपये मंजूर झाले. योजनेत तिला ‘दीदी’ म्हटलंय. बांधावर तिची ‘ड्रोनवाली ताई’ होते. ती पडद्यावर शेताच्या चारी कडा आखते. मालक मधूनमधून, “ताई, लिंबाकडनं जरा आत घ्या, तो कोपरा भावाचा हाय,” असं सांगत असतो. मग पंखे फिरतात, पाचोळा उडतो, टोप्या धरल्या जातात, आणि यंत्र पिकावरून सरळ रेषेत जातं, वळतं, परत येतं. एकर दहा-बारा मिनिटांत संपतं. तेवढ्यात बांधावर अर्धं गाव जमलेलं. कोणी फोनवर चित्रण करतंय, कोणी बॅटरी किती टिकते विचारतंय, आणि एक म्हातारा प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतोय, “तारेला अडकलं तर कोण चढणार?”

या हसण्यात एक गोष्ट मी मुद्दाम बाजूला ठेवतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. तिथे फवाऱ्याच्या धुक्यात माणूस नसणं म्हणजे नेमकं काय, हे समजवायला शब्दकोश लागत नाही. बांधावर पन्नास माणसं उभी राहिली तरी चालतील, पिकात एकही नको.

२०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडाला तर या यंत्राने माणसांना अंथरुणातून उठवलं. बीड, जालना, संभाजीनगरच्या बाजूला आणि पुढे पुणे जिल्ह्याच्या काही तालुक्यांत रात्री आकाशात दिवे दिसू लागले. चोर ड्रोन फिरवून घरं हेरून ठेवतात, अशी आवई उठली. पोलीस अफवांवर विश्वास ठेवू नका म्हणत होते, आणि गावं काठ्या घेऊन पाळीपाळीने गस्त घालत होती. एरवी ग्रामसभेला कोरम भरत नाही, तिथे मध्यरात्री पारावर जागा मिळेना. चहाचं आधण रात्रभर उकळत होतं. अशाच एका पारावरचा संवाद माझ्या कानावर आला.

“त्यात माणूस नसतोय म्हणं.”

“माणूस नसतोय तर चोरी कोण करतंय मग?”

“आरं, माणूस खाली असतोय.”

सगळ्या विमान खात्यांनी मिळून केलेल्या व्याख्यांपेक्षा ही व्याख्या मला पटते. माणूस गेलेला नसतो, खाली असतो.

गावठाणाच्या मोजणीत हे आणखी उघड होतं. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोनने गावठाण मोजायचा प्रयोग झाला आणि पुढे २०२० मध्ये ‘स्वामित्व’ योजना देशभर निघाली. ड्रोन वरून फोटो काढतो, त्यावरून नकाशा होतो, नकाशावरून घराची सनद. यात भावबंदकीला वाव कुठे? वाव आहे. ड्रोन उडायच्या आधी प्रत्येकाच्या हद्दीवर चुन्याची फक्की मारावी लागते, म्हणजे वरून रेघ दिसते. वरच्या यंत्राला रेघ दिसते; ती कोणी, कधी, कोणाची पाठ वळल्यावर हातभर सरकवून मारली हे दिसत नाही. त्या दिवशी भूमी अभिलेखचे कर्मचारी, ग्रामसेवक, सरपंच आणि दोन्हीकडचे चुलते गल्लीत उभे असतात आणि फक्कीचं घमेलं ज्याच्या हातात, त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष. आकाशाकडे फक्त पोरं बघत असतात.

शेवटी मोटारी. अमेरिकेतल्या काही शहरांत चालकाविना टॅक्सी धावतात. सुकाणू आपोआप फिरतं, मागे बसलेला माणूस त्याचे फोटो काढतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अशा टॅक्स्यांच्या एका वाहनतळावर पहाटे चारला भोंग्यांचा कल्लोळ उठायचा. दुसरी गाडी मागे येत फार जवळ आली की हॉर्न वाजवायचा, असं त्यांना शिकवलेलं. वाहनतळात सगळ्याच गाड्या एकमेकींच्या जवळ, त्यामुळे एकीने वाजवला की दुसरीने वाजवायचा. एकाही गाडीत माणूस नाही, आणि आजूबाजूच्या इमारतींमधली सगळी माणसं जागी. कंपनीने नंतर तो दोष काढून टाकला. हॉर्न कशासाठी असतो याची इतकी सखोल समज असलेल्या यंत्राला त्यांनी दुरुस्त केलं, पुण्याला पाठवलं नाही.

ते यंत्र इकडे येणारही नाही. चालकांच्या नोकऱ्या जातील म्हणून असल्या गाड्या देशात येऊ देणार नाही, असं नितीन गडकरींनी २०२३ च्या डिसेंबरात नागपुरात सांगितलं. नोकऱ्यांचा मुद्दा खरा आहे. पण समजा, उद्या परवानगी मिळाली आणि तसली एखादी गाडी कराड-पाटणच्या रस्त्यावर वडापला लावली, तर ती चालेल का? वडापच्या जीपमध्ये चालकाच्या डावीकडे तीन असतात, उजवीकडे एक असतो, आणि चालक स्वतः दाराच्या बाहेर एक पाय सोडून, कोणाच्या तरी मांडीवरून गिअर शोधत गाडी हाकत असतो. गाडी हाकणं ही त्यातली किरकोळ बाब. मागच्या म्हातारीची करंडी टपावर चढवायची, शाळेच्या पोराकडनं निम्मे पैसे घ्यायचे, घाटात पोलीस दिसला की दोघांना खाली उतरवून वळणापलीकडे पुन्हा घ्यायचं, आणि नऊच्या गाडीत पंधरा बसलेले असताना हात करणाऱ्या सोळाव्याला बघून, जराही न हसता, “या मामा, रिकामीच हाय,” असं म्हणायचं.